लातूरला बेकरी आणि कॉफी शॉप टाकायचंय, पाणी-लाईट-जागेबद्दल अनुभवी लोकांनी बोलावं

औसारोडची_लेक :

नमस्कार मंडळी. मी मूळची लातूरची, गेली काही वर्षं पुण्यात एका बेकरी-कॅफेत होते, आधी काउंटरला, मग आत ओव्हनवर, शेवटी शेवटी सकाळची सगळी शिफ्ट मीच बघायचे. आता घरी परत आलेय आणि भावासोबत स्वतःचं दुकान टाकायचं चाललंय. पाव, खारी, कुकीज, थोडे केक आणि त्याच्या जोडीला नीट केलेली कॉफी, म्हणजे पावडर घोळून दिलेली नाही, मशीनवरची. फ्रँचायझी घ्यायची नाही हे पक्कंय. नातेवाईक सारखं तेच सुचवतात, फी भरा, बोर्ड लावा आणि गल्ल्यावर बसा, पण मला माझ्या हातचा पाव विकायचाय, दुसऱ्याच्या फ्रीजरमधून आलेला नाही.

जागा दोन बघितल्यात. एक ट्यूशन एरियात, पहिला मजला, साधारण ४०० फूट, भाडं जबर पण क्लासची पोरं दिवसभर खालून जा-ये करतात. दुसरी औसा रोडला आतल्या गल्लीत, तळमजला, ६५० फूट, मागं भट्टीला मोकळी जागा, गाड्या लावता येतात, भाडं निम्म्याच्या आसपास, फक्त मेन रोडवरून दिसत नाही. तिथल्या घरमालकांना कॅफे हा शब्द सांगितल्याबरोबर ते म्हणाले कॅफेला देणार नाही ताई, दुसरं काही असेल तर बोला. का म्हणाले ते इथल्या सगळ्यांना माहितीये. वाईट वाटलं, पण त्यांची भीती खोटी नाहीये.

घरचे ७ लाख आहेत, कर्ज धरून १५ पर्यंत जाऊ शकतो, त्याच्या पुढं नाही म्हणजे नाही. बोअरचं पाणी तपासून आणलं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ११०० निघाला. तर विचारायचं असं की बेकरी आणि कॉफी दोन्ही एकदम सुरू करावं की एक आधी, मशीन एक ग्रुपची (कॉफी काढायचं एकच तोंड असलेली) पुरेल का दोन ग्रुपचीच घ्यावी, या पाण्याचं काय करायचं, आणि उन्हाळ्यात इकडं लोणी टिकवणारं कुणी आहे का? पुण्यातला मे आणि आपला मे यात फरक आहे.

भट्टीवाला_नांदेड :

ताई आधी अभिनंदन, स्वतःला भट्टी येते आणि मग दुकान टाकायलात, आपल्याकडं उलटं असतं, पैसेवाला दुकान टाकतो आणि कारागीर शोधत फिरतो. कारागीर ईदला नाहीतर लग्नाला गावी गेला की भट्टी थंड. तुमच्या हातात काम आहे ही तुमची सगळ्यात मोठी पुंजी, ७ लाखाच्या वर.

माझं स्पष्ट मत, बेकरी आधी. पाव हा रोज लागणारा माल आहे. कॉफी प्यायला माणूस आठवड्यातून एकदा येईल, पाव न्यायला त्याची बायको, पोरगं, सासरा कुणी ना कुणी रोज येणार, आणि जो रोज येतो त्यालाच तुम्ही एक दिवस कॉफी पाजू शकता. आमच्याकडं सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ७ याच वेळेत गल्ला भरतो, मधला वेळ केक-क्रीमचं काम. वडापावच्या गाड्यांना लादी द्या पण मोजक्याच गाड्यांना आणि रोख. गाडीवाल्यांची उधारी एकदा चढली की ती वसूल करायला मोपेड काढून फिरावं लागतं. मार्जिन कमी असतं त्यात, पण भट्टी तापवायचा खर्च त्यातून निघतो आणि उरलेली भट्टी तुमच्या चांगल्या मालाला मोकळी मिळते.

उरलेल्या ब्रेडचा टोस्ट करा, फेकू नका. खारी, टोस्ट, नानकटाई हा टिकणारा माल, या तिघांनी बेकरीला कायम हात दिलाय. निजामाच्या काळापासून आपल्या भागात चहात बुडवून खायची सवय आहे, हैदराबादचं वळण आहे हे, त्यामुळं बिस्कीट-खारीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

उन्हाळ्याचं सांगतो, नीट वाचा. पावाचं पीठ मळून झाल्यावर २६-२७ डिग्रीला पाहिजे. हिशोब सोपा आहे, २६ गुणिले ३ म्हणजे ७८, त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि मिक्सरच्या घर्षणाने चढणारी गरमी वजा करा, जे उरेल त्या तापमानाचं पाणी घाला. एप्रिलमध्ये खोली ३६, मैदा ३४, मिक्सरचे ८ धरले तर उरतं शून्य. म्हणजे बर्फाचंच पाणी. मे महिन्यात तेही पुरत नाही, पाण्याचा थोडा भाग बर्फाचा चुरा म्हणूनच घालावा लागतो, तो पाण्याच्या वजनात धरायचा, वरून नाही. मैद्याची पोती पत्र्याखाली ठेवू नका, रात्री उघड्या हवेशीर जागी ठेवा आणि पहाटे मळा. यीस्ट उन्हाळ्यात कमी करा नाहीतर पाव फुगून आंबट वास मारतो. क्रोसाँ (लोण्याच्या पदरांचा पाव) वगैरे करणार असाल तर लोणी ३२-३३ डिग्रीला वितळायला लागतं हे तुम्हाला माहितीच असेल, मागच्या बाजूला छोटी एक खोली एसी लावून बंद करा, लाटायचं सगळं काम सकाळी ७ च्या आत उरका. ती खोली होत नसेल तर मार्च ते जून क्रोसाँ बोर्डावरून काढून टाका, अर्धवट माल देण्यापेक्षा ते बरं.

अजून एक, पावाच्या पिठात घालायचा इम्प्रूव्हर घेताना पुडक्यावरचं वाचून घ्या, पोटॅशियम ब्रोमेटवर २०१६ पासून बंदी आहे तरी सुट्टं विकणारे विकायलेत. आणि स्वस्त वनस्पती-मार्गारीन घेताना पण बघा, २०२२ पासून ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे. आपला माल लहान पोरं खातात.

सिडको_एन५ :

मी संभाजीनगरला कॉफी शॉप चालवतो, बेकरी नाही, खायचा माल बाहेरून घेतो, त्यामुळं कॉफीपुरतं बोलतो.

घरमालकाच्या विषयावर आधी. कॅफे या नावाला आपल्या भागात डाग लागलाय तो पडदे आणि कंपार्टमेंट करून जोडप्यांना आडोसा देणाऱ्या दुकानांमुळं. पोलिसांनी मराठवाड्यात ठिकठिकाणी कारवाया केल्या, पेपरला फोटो आले, आणि त्यात सरळ धंदा करणारे पण भरडले गेले. यावर नुसतं तोंडी आश्वासन चालत नाही, दुकानच असं बांधा की शंकेला जागा राहू नये. समोर पूर्ण काच, काचेवर फिल्म नाही, स्टिकर नाही. आत पार्टिशन नाही, कंबरेच्या वर काहीच नको. उजेड पांढरा आणि भरपूर. काउंटरवरून प्रत्येक टेबल दिसलं पाहिजे. ओव्हन जमलं तर गिऱ्हाइकाला दिसेल असं ठेवा, भाजणारा माणूस दिसला की दुकानाबद्दल आपोआप विश्वास येतो. बोर्डावर बेकरी मोठं आणि कॉफी त्याच्या खाली. हा नकाशा कागदावर काढून घरमालकांना दाखवा, करारनाम्यात पार्टिशन करणार नाही असं कलम तुम्हीच स्वतःहून घाला. माझ्या ओळखीत एका जागेचा व्यवहार असाच झालाय. आणि तुमच्यासारखी एक मुलगी काउंटरला उभी आहे हे बघून बायका आत येतील, सोबत लेकरं येतील, त्याच्यानंतर त्या दुकानाला कुणी काही म्हणत नाही.

त्यामुळं मला औसा रोडची जागा बरी वाटते. पहिल्या मजल्यावर बेकरी नकोच, मैद्याची ५० किलोची पोती रोज कोण चढवणार, आणि पावाचा वास रस्त्यावर यायला पाहिजे. ट्यूशन एरियाचं गणित पण नीट बघा, मेडिकलची नीट परीक्षा मे च्या सुरुवातीला झाली की पोरं गावी जातात, नवीन बॅच भरेपर्यंत जून-जुलै उजाडतो, दिवाळीत पुन्हा सुट्टी, आणि भाडं मात्र बारा महिने तेवढंच.

मशीन एक ग्रुपची घ्या. दिवसाला ५०-६० कप होईपर्यंत ती आरामात चालते आणि तिथपर्यंत पोचायला आपल्या गावात वेळ लागतो. वाचलेले पैसे ग्राइंडरमध्ये घाला. लोक मशीनवर दोन-अडीच लाख खर्च करतात आणि ग्राइंडर मिळेल तो घेतात, मग कॉफी एका कपात कडू दुसऱ्यात आंबट. १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफीचा रस २५ ते ३० सेकंदांत निघाला पाहिजे, हे रोज सकाळी आणि दुपारी ऊन चढल्यावर परत तपासायचं, कारण हवा बदलली की दळण बदलावं लागतं. तुम्ही पुण्यात केलंय म्हणजे हे हातात असेलच, भावाला शिकवा, दुकान एका माणसाच्या हातावर ठेवू नका.

कपाचा हिशोब असा बसतो. किलोभर बियांत १८ ग्रॅमने ५५ शॉट (म्हणजे एकेका कपाचा रस) निघतात, सकाळचं सेटिंग आणि वाया गेलेलं धरून ५० धरा. बिया भाजलेल्या १२०० रुपये किलो पडल्या तर एका कपाला २४ रुपये. दूध १६०-१७० मिली, १० रुपये. कप, साखर, टिश्यू, ५-६. म्हणजे ४० रुपये नुसता माल, त्यावर भाडं, लाईट, पगार. ११०-१२० च्या खाली कॅपुचिनो विकली तर घरचे पैसे घालावे लागतात. ब्राझील आणि व्हिएतनामला पाऊस-पाण्याने दगा दिला तेव्हा २०२५ च्या सुरुवातीला जगाच्या बाजारात अरेबिका जातीच्या कॉफीचा भाव कधी नव्हे इतका वर गेला होता आणि त्याची झळ आपल्या इथल्या किलोभर पाकिटापर्यंत आली, म्हणून मेनू कार्ड छापून ठेवू नका, फळ्यावर खडूने लिहा.

बिया चिकमगळूर नाहीतर कोडगूच्या घ्या, पाकिटावर भाजल्याची तारीख असलेल्या. एकदम १० किलो मागवू नका, पंधरा-वीस दिवस पुरतील एवढ्याच. आणि १०० टक्के अरेबिकाचा हट्ट सोडा, आपल्याकडं कॉफी म्हणजे दूध आणि साखर, त्यात २०-३० टक्के चांगली रोबस्टा (कॉफीची दुसरी, कडक जात) असली की चव दुधातून वर येते, फेस पण छान बसतो आणि किलोमागं पैसे वाचतात. म्हशीचं दूध फॅटला जड असतं, त्याची कॉफी काहींना आवडते पण तोंडाला चिकटते, गाईचं किंवा स्टँडर्ड दूध घ्या, ६०-६५ डिग्रीच्या वर तापवू नका, गिऱ्हाईक अजून गरम मागेल, आधी एकदा याच गरमीला पिऊन बघा म्हणायचं, तरी मागितलं तर द्यायचं.

उन्हाळ्यात कोल्ड ब्रू ठेवा. जाडसर दळलेली १ भाग पूड आणि ८ भाग थंड पाणी, रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी गाळून बाटल्या भरल्या की दुपारी लाईट गेली तरी विक्री चालू राहते. मशीन इन्व्हर्टरवर चालत नाही हे लक्षात ठेवा.

औसारोडची_लेक :

दादा तुमचा काचेचा आणि कलमाचा मुद्दा मनाला एकदम पटला, मी पार्टिशनचा विचारच केला नव्हता पण कलम आपण स्वतः घालायचं हे डोक्यात आलं नव्हतं. नांदेडच्या दादांचा बर्फाचा हिशोब भिंतीवर चिकटवून ठेवणार. पाण्याचं कुणी सांगेल का? मशीन विकणारा म्हणतो आरओ लावा विषय संपला.

रेणापूर_नाका :

ताई राग मानू नका पण लातूरला १२० रुपयाची कॉफी कोण पिणार? १० रुपयाला कट चहा मिळतो आणि तो प्यायला माणूस तासभर उभा राहतो. माझ्या डोळ्यासमोर कितीतरी कॅफे दणक्यात उघडले आणि वर्षात शटर पडलं. शेतकऱ्याच्या सोयाबीनला भाव नसला की लातूरचा सगळा बाजार थंड पडतो हे तुम्हालाही माहितीये. बेकरी चालेल, त्यात मला शंका नाही, पण कॉफीपायी कर्ज काढू नका एवढंच म्हणणं.

औसारोडची_लेक :

राग कशाचा, दादा तुम्ही काळजीनेच सांगताय. मी एक करून बघायचं म्हणतेय, मोठ्या कपाच्या सोबत छोटा कप ठेवायचा, १०० मिलीचा, एकाच शॉटचा, ५०-६० रुपयाला. आपल्याकडं चहा पण कटच पितात, मोठा मग भरून कुणी पीत नाही. त्याच्याबरोबर एक गरम खारी. बाजार थंड पडतो हे खरंय, म्हणूनच पाव हवा, पाव सोयाबीनचा भाव पडला तरी लागतो.

फूडटेक_परभणी :

मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून अन्नतंत्र शिकलेय, सध्या घरूनच बेकिंग करते. पाण्यावर मी सांगते कारण मशीन विकणारे अर्धवट सांगायलेत.

आपली जमीन काळ्या पाषाणाची, बोअर जितकी खोल तितके पाण्यात क्षार जास्त येण्याची शक्यता. भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, पिण्याच्या पाण्याचा टीडीएस ५०० पर्यंत चांगला आणि दुसरा पर्याय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे तुमचं पाणी प्यायला चालून जाईल पण मशीनला अजिबात नाही. बॉयलरमध्ये पांढरा थर बसतो, हीटिंग कॉइल जळते, बारीक छिद्रं बुजतात, आणि दुरुस्तीला माणूस पुण्याहून किंवा हैदराबादहून येईपर्यंत दुकान बंद. टीडीएससोबत कठीणपणा वेगळा तपासून घ्या, थर त्यानेच बसतो, नुसता टीडीएसचा आकडा पुरेसा नाही.

पण नुसतं आरओ पण चुकीचं. आरओचं पाणी २०-४० टीडीएसचं येतं, त्यात कॉफीची चव सपाट लागते, आणि काही मशीनमधला पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर इतक्या कमी क्षारांच्या पाण्यात नीट काम करत नाही, शिवाय असं पाणी आतल्या धातूला खात राहतं. कॉफीला साधारण १५० च्या आसपास टीडीएस उत्तम. तर आरओ लावा आणि त्याच्यात थोडं मूळ पाणी मिसळायची सोय ठेवा. तुमच्या ११०० मध्ये आरओचं ४० चं पाणी ९ भाग आणि बोअरचं गाळलेलं १ भाग घेतलं तर १४६ येतं. नगरपालिकेचं, म्हणजे आता महानगरपालिकेचं, मांजरा धरणाचं पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवशी टाकी भरून ठेवा, त्याचा टीडीएस पण मोजा, बोअरपेक्षा ते बरं निघालं तर मिसळायला तेच वापरा. टीडीएस मीटर ३००-४०० रुपयाला मिळतो, रोज सकाळी मोजायचा आणि वहीत लिहायचा.

आरओ जेवढं देतं त्याच्या बरोबरीने किंवा जास्त पाणी बाहेर टाकतं. लातूरने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलंय, त्या गावात हे पाणी गटारात सोडणं मला तरी पटत नाही, एक ड्रम लावा, फरशी आणि ट्रे धुवायला तेच वापरा. पावाच्या पिठाला मात्र फार मऊ पाणी नको, थोडे क्षार असलेलं पाणी ग्लुटेनला (मैद्यातल्या चिकटपणाला) धरून ठेवतं, फार जड असेल तर पीठ ताठ होतं आणि उशिरा फुगतं, त्यामुळं हेच मिसळलेलं पाणी दोन्हीकडं चालेल. जागा ठरवायच्या आधी पाणी ठरवा, आणि मशीन त्याच्यानंतर.

आता मालाबद्दल, मला यातच जास्त बोलायचंय. पुण्यात जे विकलं जातं तेच इकडं आणू नका. आपल्याकडं काय काय आहे बघा ना. बीडच्या सीताफळाला, मराठवाड्याच्या केशर आंब्याला, जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, धाराशिवकडचा कुंथलगिरीचा खवा आहे, वसमतची हळद आहे. खव्याचा पाउंड केक करून बघा, लोणी थोडं कमी करून, इतका मऊ होतो. सीताफळाचा गर मात्र तापवायचा नाही, तापवला की कडवट होतो, म्हणून केकच्या आत भाजू नका, भाजून गार झालेल्या केकवर क्रीममध्ये मिसळून घाला, गर हंगामात काढून डीप फ्रीज केला तर पुढं बरेच महिने पुरतो.

आणि ज्वारी. ज्वारीत ग्लुटेन नाही त्यामुळं मैद्याच्या जागी सरसकट ज्वारी घातली की पाव विटेसारखा बसतो आणि लोक म्हणतात ज्वारीचा पाव होतच नाही. होतो. एकूण पिठाच्या २० टक्के ज्वारी घ्या, ती आधी आधणाच्या पाण्यात भाकरीच्या पिठासारखी उकडून घ्या, झाकून गार करा आणि मग मैद्यात मळा. उकडल्यामुळं स्टार्च पाणी धरून ठेवतो, पाव दुसऱ्या दिवशी पण मऊ राहतो आणि ज्वारीचा वास येतो. कुकीजला उकडायची गरज नाही, तिथं ६०-७० टक्के ज्वारी पण चालते, उलट खुसखुशीत होतात. ज्या सासऱ्याला डॉक्टरने मैदा बंद केलाय तो याच्यासाठी येईल, पण त्याला औषध म्हणून विकू नका, २० टक्केच आहे हे स्पष्ट सांगा.

हिशोबनीस_लातूर :

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, मी हेच काम करतो. अन्न परवाना फॉसकॉस पोर्टलवर, लहान उलाढालीला नोंदणी आणि त्याच्या वर राज्य परवाना, दुकान उघडायच्या आधी घ्या, १४ आकडी नंबर दुकानात लावावा लागतो आणि बिलावर पण छापावा लागतो. शॉप ॲक्टची सूचना ऑनलाइन. अंड्याचा केक पाकिटात विकलात तर त्यावर हिरवी नाही, तपकिरी खूण लागते, आणि आपल्याकडं एगलेस विचारणारे फार आहेत, मारवाडी, जैन, लिंगायत घरातली गिऱ्हाइकं पहिलाच प्रश्न तो विचारतात, तर भांडी आणि फेटणी वेगळी ठेवा आणि ठेवली आहेत हे लिहून लावा.

जीएसटीत एक गोष्ट आधीच समजून घ्या. बसून खायला-प्यायला दिलं की ती रेस्टॉरंट सेवा, ५ टक्के, आणि त्यात खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. म्हणजे मशीन-ओव्हनवर जो १८ टक्के द्याल तो खर्चातच धरायचा, कोटेशन करासकट मागा. काउंटरवरून नेलेला पाव-ब्रेड करमुक्त, केक-बिस्किटं २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ वर आलीत. नुसता माल विकणाऱ्याला ४० लाखापर्यंत नोंदणीतून सूट असली तरी तुमच्यात सेवा आली म्हणून २० लाखाचीच मर्यादा धरा. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून आणि पार्सल असे दोन वेगळे भाग पहिल्या दिवसापासून करा.

कर्जाला प्रकल्प अहवाल बेकरी म्हणून बनवा, आणि ते खरंही आहे. अन्नप्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान होतं, बेकरी त्यात बसते पण नुसता कॅफे बसत नाही, योजना सध्या चालू आहे का ते जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारा. मराठा समाजातल्या असाल तर अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे. अनुदान उशिरा येतं, त्याच्या भरवशावर भाडं-पगार धरू नका. सहा महिन्यांचं भाडं आणि पगार वेगळ्या खात्यात ठेवून मग जे उरेल त्यात दुकान सजवा.

सिडको_एन५ :

हिशोबनीसांचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. सजावटीत पैसे घालणारे मी बरेच बघितले. एक राहिलं, अभ्यास करणारी पोरं. ती येणार, एका कोल्ड कॉफीवर तीन तास बसणार. हाकलू नका, तीच पोरं घरच्यांना भेटायला जाताना बॉक्स भरून केक नेतात. त्यांच्यासाठी भिंतीकडं एक लांब टेबल आणि दोन प्लग द्या, बाकीची टेबलं घरच्यांसोबत येणाऱ्या गिऱ्हाइकांना. संध्याकाळी ५ ते ८ मात्र अभ्यासाला बसू नये अशी पाटी लावा, आणि ती सगळ्यांना सारखीच लावा.

औसारोडची_लेक :

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समोर बसून पण सांगत नाही. आज घरमालकांकडं परत गेलो होतो, कागदावर नकाशा नेला, पूर्ण काच, पार्टिशन नाही, ओव्हन समोरून दिसेल असं. त्यांच्या सूनबाईंनी विचारलं सकाळी ताजा ब्रेड किती वाजता मिळेल, आणि मग बोलणं पुढं गेलं. तीन वर्षांचा करार करतोय. आधी बेकरी, पाव, खारी, ज्वारीच्या कुकीज आणि खव्याचा केक, सोबत पितळी फिल्टरची कॉफी छोट्या कपात, मशीन सध्या नाही. पाण्याचा कठीणपणा तपासायला नमुना दिलाय. गिऱ्हाईक कॉफी मागायला लागलं आणि पाणी नीट बसलं की मग एक ग्रुपची मशीन.

एकच शेवटचं अडलंय. तिथं सिंगल फेजचं मीटर आहे. ओव्हन लाईटचा घ्यावा का गॅसचा?

भट्टीवाला_नांदेड :

ताई लाईटचा एक डेकचा (एका कप्प्याचा) दोन ट्रेचा ओव्हन साधारण ६-७ किलोवॅट ओढतो, पुढं मशीन ३, एसी २, फ्रीज, मिक्सर, म्हणजे १५ च्या घरात जाणार, थ्री फेज लागणारच. मीटर मालकाच्या नावावर आहे तर लोड वाढवायला त्यांची संमती करारावर सही करायच्या दिवशीच लेखी घ्या, नंतर माणूस गावाला जातो आणि काम अडून बसतं. मंजूर भार २० किलोवॅटच्या आत ठेवा, वर गेलात की बिलाची पद्धत बदलते आणि स्थिर आकार जड होतो.

पण पहिला ओव्हन गॅसचा घ्या. लाईट गेली तर पीठ थांबत नाही, ते फुगतच राहतं, आणि भट्टी थंड असली की सगळा घाणा वाया. गॅसच्या ओव्हनला बर्नर आणि कंट्रोलपुरती थोडी लाईट लागते, ती इन्व्हर्टरवर भागते. व्यावसायिक १९ किलोचे दोन सिलिंडर जोडून घ्या, एक चालू एक भरलेला, आणि ते बाहेर हवेशीर जागी ठेवा, आत नाही. ओव्हन घ्यायच्या आधी इकडं नांदेडला या, पहाटे ४ ला भट्टी पेटते, आमच्या ओव्हनवर तुमच्या ज्वारीच्या पावाचा एक घाणा काढून बघा, मैदा आमचा, ज्वारी तुम्ही आणा. भाऊला पण आणा.